दोघी मीच: कोलंबोतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातली पंचवीस मिनिटं

कोलंबोत झेरॉक्सच्या दुकानाला ‘कम्युनिकेशन’ म्हणतात. पूर्वी तिथे बाहेरगावी फोन लावायची सोय असायची, फोन गेले आणि नाव तेवढं पाटीवर राहिलं. आता तिथे फोटोकॉपी, टायपिंग, लॅमिनेशन, सरकारी फॉर्म आणि मोबाईलचं रिचार्ज, ज्याला इथे रिलोड म्हणतात, असं सगळं मिळतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘झेरॉक्स’ म्हणालो तर काउंटरवरच्या पोराला काही कळलंच नाही, तो आत जाऊन मालकाला विचारून आला की हा इंडियन अंकल कुठलं मशीन मागतोय.

कंपनीनं दोन वर्षांसाठी पाठवलं होतं, व्हिसा वाढवायचे कागद दर थोड्या दिवसांनी लागायचे, म्हणून हे दुकान माझं नेहमीचं झालं. वेल्लवत्त्यात, गॉल रोडवरून समुद्राकडे जाणाऱ्या एका गल्लीत, खाली रेल्वे लाईन आणि मरीन ड्राईव्ह. हा भाग तमिळ लोकांचा, साड्यांची दुकानं, वड्यांची हॉटेलं, मधेच देऊळ. पण दुकानाचा मालक मुसलमान आणि पोरगा सिंहली. मालकांना सगळे नाना म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, इथल्या मुसलमानांत नाना म्हणजे मोठा भाऊ, आणि सिंहली गिऱ्हाईकही मुसलमान दुकानदाराला हक्कानं नानाच म्हणतं.

मी भाषेचा अभ्यासक वगैरे नाही. पण त्या दिवशी त्या दुकानात जे झालं ते मी संध्याकाळी घरी येऊन फोनमधे लिहून ठेवलं, आणि सिंहल-तमिळमधलं जे मला कळलं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी नानांकडून विचारून घेतलं. तेच इथे सविस्तर लिहितोय कारण ‘श्रीलंकेत लोक किती सहज तीन भाषा बोलतात’ असं कौतुक मीही बरेच दिवस करत होतो आणि त्या पंचवीस मिनिटांनंतर मला ते तसं करवत नाही.

आधी रोजचं दृश्य सांगतो, म्हणजे त्या दिवशी काय वेगळं झालं ते कळेल. नाना फोनवर भावाशी तमिळमधे बोलतायत, तेवढ्यात पोराला सिंहलमधे सांगतात, ‘मल्ली, मेके कॉपी एकक् गहन्न.’ मल्ली म्हणजे धाकटा भाऊ, मेके म्हणजे ह्याची, आणि गहन्न म्हणजे मार. एक कॉपी मार! आपण नाही का म्हणत, ‘जरा दोन झेरॉक्स मारून आण’? अगदी तेच, फोनसुद्धा इथे मारतात. मग माझ्याकडे वळून इंग्रजी, त्यात सिनेमावरून शिकलेली दोनचार हिंदी वाक्यं. आणि पैसे मोजताना ओठातल्या ओठात तमिळ, ओंडु रेंडु मूंडु. माणूस सहा भाषा बोलो, नोटा तो आपल्या भाषेत मोजतो.

सिंहल ही आपल्या घरातलीच भाषा आहे हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. कान म्हणजे कन, दात म्हणजे दत, आणि जेवायला बसलं की भाताला चक्क बत्. पोर्तुगीजांनी दोन्हीकडे सारखीच उधारी ठेवलीय, बादलीला सिंहलमधे बाल्दिय, पावाला पान्, आणि बतल म्हटलं की बटाटा नाही तर रताळं येतं, हा घोळ मी मंडईत प्रत्यक्ष घालून आलोय. इंग्रजी शब्द तर ते असा उचलतात की बघत राहावं, शब्दामागे नुसतं ‘एक’ लावायचं की झाला सिंहल. बस् एक म्हणजे ती बस, बस् एकट म्हणजे बसकडे, बस् एके म्हणजे बसमधे, फॉर्म एक, सिग्नेचर एक, नेटवर्क एक. क्रियापद असेल तर पुढे ‘करनवा’, म्हणजे करणं. कॅन्सल करनवा. तमिळवाले तिथेच ‘पण्णु’ लावतात, कॅन्सल पण्णु. आणि आपण ‘कॅन्सल कर’. तिन्हीकडे इंग्रजी शब्द मधोमध बसलेला, शेपूट तेवढं आपापलं.

अजून एक मला फार आवडलेली गोष्ट. ऐकीव बातमी सांगताना सिंहलमधे वाक्याच्या शेवटी ‘लु’ लावतात. पोरगा ओरडून सांगतो, ‘नाना, नेटवर्क एक नॅ लु’, म्हणजे नेटवर्क नाहीये म्हणे. तमिळमधे तेच काम ‘आम्’ करतं. आपलं ‘म्हणे’! आणि होकाराला सिंहली माणूस ‘हरि हरि’ म्हणतो, तमिळ माणूस ‘सरि सरि’. नानांच्या तोंडात हे दोन इतके जवळ आलेत की कधीकधी कुठलं म्हणाले तेच कळत नाही, आणि मला वाटतं ते मुद्दामच तसं करतात, समोर दोन्हीकडची गिऱ्हाइकं असली की.

तर त्या दिवशी.

बुधवार होता, बाहेर पाऊस, दुपारी अकराचा सुमार. माझ्या पासपोर्टच्या कॉप्या चालू होत्या. एक बाई आली, पन्नाशीच्या पुढची, बरोबर मुलगी असेल एकोणीस वीसची. बाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात प्लास्टिकचीच दुसरी पिशवी आणि तिच्यात कागद. ज्याला कागदांनी आयुष्यात छळलंय तोच माणूस कागद असे ठेवतो.

बाई हॅटनकडची, चहाच्या मळ्यातली. तिचा प्रॉब्लेम असा की मळ्यात बावीस वर्षं पानं खुडली त्याचा पीएफ काढायचाय, बायकांना तो पन्नाशी झाली की काढता येतो, आणि मळ्याच्या जुन्या रजिस्टरमधलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही. नाव मी बदलून सांगतो पण भानगड हीच होती. समजा तिचं नाव भाग्यम. तमिळ लिपीत प आणि ब ला वेगळी अक्षरं नाहीत, एकच ‘ப’, वाचणाऱ्यानं आपलं समजून घ्यायचं. क आणि ग चंही तेच. तमिळमधे ती ‘पाक्कियम्’ लिहिणार, बोलताना मात्र ‘बाक्कियम्’ म्हणणार. मळ्यातल्या इंग्रजी रजिस्टरमधे कुणीतरी लिहिलं पी ए सी के वालं पाकियम. पुढे ओळखपत्राच्या वेळी कुठल्यातरी सिंहली कारकुनानं नाव ऐकलं, त्याच्या भाषेत ‘भाग्य’ शब्द आहे आणि लिपीत ब, भ, ग सगळी अक्षरं आहेत, त्यानं शहाणपणानं ते नीट करून ‘बाग्यम’ लिहिलं. म्हणजे बघा, कुणीच मुद्दाम चूक केली नाही, उलट दुसऱ्यानं तर शुद्ध केलं! पण कागदावर आता दोन बायका झाल्या, एकीनं पानं खुडली आणि दुसरी पैसे मागतेय.

आता कुणी म्हणेल स्पेलिंगचं काय एवढं, आपल्याकडे आधारवर काय कमी घोळ असतात. असतात. पण मळ्यातल्या तमिळ लोकांचा इतिहास माहीत असेल तर त्या दोन पिशव्या कळतात. ब्रिटिशांनी यांच्या आज्या-पणज्यांना तमिळनाडूतून आणलं, स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी, 1948 मधे, नागरिकत्वाचा असा कायदा आला की लाखो लोक एका फटक्यात कुठल्याच देशाचे उरले नाहीत, कारण बाप-आजा इथे जन्मल्याचे कागद नव्हते. काहींना पुढे भारतात पाठवलं, काहींना इथलं नागरिकत्व मिळालं, आणि जे उरले त्यांचा प्रश्न 2003 च्या कायद्यानं सुटला. पंचावन्न वर्षं. त्या घरातली बाई कागदाला दोन पिशव्या घालणारच.

बाई नानांशी तमिळमधे बोलायला लागली. दोघांचं तमिळही एक नाही हे मला पुढे कळलं, नाना चुकीला ‘पिळै’ म्हणाले आणि ती ‘तप्पु’ म्हणाली. मळ्याकडचं तमिळ भारतातल्या तमिळला जवळचं, उत्तरेकडच्या जाफन्याचं वेगळं, मुसलमानांचं त्याहून वेगळं. पण नानांनी दुसऱ्याच वाक्याला ‘तप्पु’ उचलला. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं वा. ही पहिली अदलाबदल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी, कारण भाषा तीच होती, नुसता शब्द तिच्या बाजूचा घेतला.

नानांनी सांगितलं की अ‍ॅफिडेव्हिट लागेल, दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं, त्यावर जेपीचा, म्हणजे जस्टिस ऑफ द पीसचा शिक्का, आणि राहत्या जागेच्या ग्राम निलधारीचा, म्हणजे वस्तीपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याचा दाखला. बाई म्हणाली सकाळी ऑफिसात गेले होते, परत पाठवलं. का पाठवलं ते काही नीट सांगेना. मुलगी मधेच इंग्रजीत म्हणाली, ‘दे डिडन्ट इव्हन लुक अ‍ॅट इट.’

आणि तेवढ्यात छत्री मिटत ऑफिसातली मिसच आत आली. इथे सरकारी ऑफिसातल्या बाईला, शाळेतल्या बाईला, सगळ्यांना मिस म्हणतात, लग्न झालेलं असो नसो. चाळिशीची, फिकट निळी साडी, ऑफिसचं मशीन बंद म्हणून स्वतः कॉप्या काढायला आलेली. आणि सकाळी परत पाठवणारी हीच. चौघंही एकमेकांना ओळखलं अशा नजरेनं गप्प. पाचवा मी, ज्याला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं पण काहीतरी झालंय एवढं कळलं.

नानांची भाषा फटकन बदलली, ‘मिस, एन्न एन्न’, या या. आता दुकानात सिंहल सुरू झालं आणि बाई गप्प. पूर्ण गप्प. नानांनी मिसना विषय सांगितला. मिस नानांना म्हणाल्या, ‘मे अम्माट कियन्न...’, म्हणजे या आईंना सांगा की अमुक कागद आणा. बाई दीड हातावर उभी आहे, आणि तिला सांगा! नाना तमिळमधे सांगणार, बाई तमिळमधे उत्तर देणार, नाना ते सिंहलमधे मिसना देणार. हे असं चार पाच वेळा झालं. मला वाटलं की हा इथला रोजचा प्रकार, एकीला तमिळ येत नाही, दुसरीला सिंहल येत नाही, मधे नाना. अगदी पुस्तकातलं चित्र.

ते चित्र दोन्ही बाजूंनी खोटं होतं हे पुढच्या दहा मिनिटांत कळलं.

पण त्याआधी मुलगी. तिला ते ‘यांना सांगा’ सहन होईना, ती मिसना थेट इंग्रजीत म्हणाली, ‘मिस, इट्स द सेम पर्सन, ओन्ली द स्पेलिंग इज डिफरंट, नो?’ आवाज चढलेला नव्हता, शब्दही वावगा नव्हता. पण मिसचा चेहरा बदलला. ‘बट ऑफिस...’ एवढं म्हणाल्या, थांबल्या, आणि परत नानांकडे वळून सिंहलमधे, आता जरा तुटकपणे.

माझ्यासारख्या बाहेरच्याला वाटणार की अरे इंग्रजी तर न्यूट्रल आहे, राज्यघटनेतच तिला दुवा जोडणारी भाषा म्हटलंय, मग बिनसलं कुठे? नानांनी दुसऱ्या दिवशी एका शब्दात सांगितलं. कडुव. सिंहलमधे कडुव म्हणजे तलवार आणि बोलीत इंग्रजीला हेच नाव आहे. ज्याच्या हातात आहे तो बाकीच्यांना कापतो म्हणून. इंग्रजीचे उच्चार जरा इकडेतिकडे झाले, ओ आणि ऑ ची गल्लत झाली, की शहरी लोक ‘नॉट पॉट’ म्हणून हसतात. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, आपल्याकडे तिच्यात बळ दिसलं, इथे धार दिसली. मिस खेड्यातल्या सिंहली शाळेत शिकून परीक्षा देऊन नोकरीला लागलेली, समोर वीस वर्षांची पोरगी खटाखट इंग्रजी बोलतेय, आणि दुकानात एक इंडियन उभा राहून ऐकतोय. माझं तिथे असणंही त्यात धरा, मी नसतो तर कदाचित त्या दोन वाक्यं इंग्रजीत बोलल्याही असत्या. म्हणजे मुलीनं दुवा म्हणून पुढे केली ती मिसच्या अंगाला तलवारीसारखी लागली, आणि दोघींचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग बाईनं मुलीचं कोपर धरलं, मागे ओढलं, आणि स्वतः बोलली. सिंहलमधे. अस्खलित नव्हे पण घडघडीत. ओळखपत्र आणि मळ्याचा कागद दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवले, एकेकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘मिस, देन्नम मम तमै.’

दोघी मीच.

हे मला कुणी भाषांतर करून सांगायला लागलं नाही. मम म्हणजे मी, देन्ना म्हणजे दोघं, बोट कुठे ठेवलंय ते दिसतच होतं.

मिस चमकल्या. नाना तर जास्तच चमकले, बिचारे पंधरा मिनिटं दुभाषेगिरी करत होते. मिसनी विचारलं असणार की सिंहल येतं तर सकाळी का नाही बोललात. बाईनं उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली.

ते उत्तर तिनं नंतर नानांना तमिळमधे दिलं, मिस गेल्यावर, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचा जीव तिथे आहे. ती सकाळी ऑफिसात सिंहलमधेच बोलली होती. अकरा वर्षं कोलंबोत आहे, एका कँटीनमधे काम करते, सिंहल येणारच. पण तिनं म्हटलं, ‘फॉर्म एक दीपन्.’ सिंहलमधे ‘दे’ म्हणायच्या पायऱ्या आहेत. देन्न म्हणजे द्या. दीपन् म्हणजे दे, आण इकडे. ती दीपन् म्हणाली आणि रांगेतले दोन चार लोक हसले, आत बसलेलंही कुणीतरी हसलं. का म्हणाली ती दीपन्? कारण तिला तेच येतं. मळ्यावर सिंहली सुपरवायझर, बाजारात दुकानदार, कँटीनमधे मुकादम, तिच्याशी सगळे असंच बोलत आले, वरेन्, दीपन्, म्हणजे ये, दे. भाषा तिनं ऐकून उचलली, आणि तिच्या वाट्याला जी आली तीच तिच्या तोंडात बसली. देन्न तिला कुणी म्हटलंच नव्हतं फारसं. आता हे ऐकल्यावर, तिला सिंहल येत नाही म्हणायचं का येतं म्हणायचं? परीक्षेत नापास होईल ती. पण लोक तिच्याशी कसे बोलले याची ती जिवंत नोंदवही आहे.

म्हणून दुकानात ती गप्प होती. हसं झाल्यावर माणूस आपल्या भाषेत परत येतो आणि दार लावून घेतो.

आता मिसची बाजू. बाईनं ‘दोघी मीच’ म्हटल्यावर मिस कागदावर वाकल्या, मळ्याच्या कागदाला जोडलेली एक जुनी चिठ्ठी होती तमिळमधली, बाईची सही असलेली, ती त्यांनी उचलली आणि अक्षर अक्षर वाचायला लागल्या. पा... क्... कि... य... म्. पहिलीच्या मुलासारखं बोट ठेवून, पण बरोबर. मग त्यांनीच पोराला सिंहलमधे समजावलं की हे अक्षर प पण आहे आणि ब पण, म्हणून हा घोळ झालाय. मी थक्क. तमिळ वाचता येतं! नंतर नाना म्हणाले की येणारच, 2007 च्या सर्क्युलरनंतर जे सरकारी नोकरीत लागले त्यांना पाच वर्षांत दुसरी राजभाषा शिकून परीक्षा पास व्हावी लागते. मिस पास झालेल्या, सर्टिफिकेट आहे. मग सकाळी तमिळमधे का नाही बोलल्या? त्यांनी दुकानातच हसत सांगितलं, ‘लॅज्जाई.’ लाज वाटते. शब्दसुद्धा आपलाच, लज्जा. परीक्षेपुरतं लिहिता येतं, बोलायला गेलं की तमिळ लोक हसतात.

म्हणजे दोघी हसण्याला घाबरून आपापल्या भाषेत बसल्या होत्या. फक्त दोघींच्या भीतीची किंमत सारखी नव्हती, हे मात्र मी ठासून लिहीन. मिस लाजल्या तर त्यांना महिन्याचा पगार मिळतोच. बाई लाजली तर बावीस वर्षांचा पीएफ अडकतो. 2012 च्या जनगणनेत सिंहली साधारण 75 टक्के, श्रीलंकन तमिळ 11, मुसलमान 9 आणि मळ्याकडचे तमिळ 4 टक्के. या चार आकड्यांत सगळ्यात शेवटची जी, ती दुकानात सगळ्यात लांब चालून दुसऱ्याच्या भाषेत गेली. नाना रोज जातात पण ते धंदा म्हणून, त्यांना त्याचे पैसे मिळतात आणि गंमतही वाटते. मी मुंबईतला, मला हे कळायला हवं होतं, आपण रिक्षात बसल्या बसल्या हिंदी सुरू करतो आणि मग वर तक्रारही करतो. पण तिथे किमान आपण बदलतो ते आपल्या सवयीनं, आपलं काम अडेल म्हणून नाही.

कायदा बाईच्या बाजूनं आहे, तेही सांगून टाकतो. 1956 मधे सिंहल ही एकमेव राजभाषा झाली आणि तिथून जे बिनसलं ते पुढे कुठवर गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. 1958 मधे तमिळसाठी जोडकायदा आला, 1978 च्या घटनेत तमिळ राष्ट्रीय भाषा झाली पण राजभाषा नाही, आणि 1987 च्या तेराव्या दुरुस्तीत ‘तमिळ हीही राजभाषा असेल’ असं आलं. त्या ‘हीही’ मधे बराच इतिहास बसलाय. म्हणजे आज ती बाई कोलंबोतल्या कुठल्याही सरकारी ऑफिसला तमिळमधे पत्र लिहू शकते आणि तिला तमिळमधे उत्तर मिळायचा हक्क आहे. पाट्या तीन भाषांत असतातच, सिंहल वर, मग तमिळ, मग इंग्रजी. पण तमिळ ओळीत इतक्या चुका असतात की लोक त्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात. बसमधल्या राखीव सीटवर ‘गरोदर मातांसाठी’ लिहायचं होतं, तमिळमधे ‘ताय’ म्हणजे आई आणि ‘नाय’ म्हणजे कुत्रा, आणि त आणि न ची गल्लत होऊन काय छापलं गेलं ते तुम्हीच जुळवा. तमिळ मित्रांकडून हा किस्सा मी चार वेळा ऐकला, चारही वेळा ते हसले, पाचव्यांदा एकजण हसला नाही.

परत दुकानात. अ‍ॅफिडेव्हिट कुठल्या भाषेत करायचं यावर थोडी चर्चा झाली. नाना म्हणाले तमिळमधे करा, तिचा हक्क आहे. मुलगी म्हणाली इंग्रजीत. बाईनं सांगितलं सिंहलमधे. मुलगी चिडली. बाई तिला तमिळमधे जे म्हणाली त्याचा नानांनी सांगितलेला अर्थ असा की बाळा मला भांडण जिंकायचं नाही, मला पैसे काढायचेत, तमिळ कागद गेला की तो ट्रान्सलेशनला जाईल, तिथे कुणीतरी अजून एक भाग्यम तयार करेल आणि मग आम्ही तिघी होऊ. मला वाटतं त्या दुकानात भाषाधोरणाची सगळ्यात जास्त समज त्या बाईला होती. माझं स्वतःचं मत विचाराल तर नानांचं बरोबर, हक्क वापरला नाही तर तो पाटीवरच राहतो. पण माझा पीएफ अडकलेला नव्हता.

पोरानं टाईप केलं. मिसनी दोन्ही स्पेलिंगं इंग्रजीत कंसात घालायला लावली, आणि सिंहल मजकुराखाली तिचं नाव तिच्या तमिळ सहीत आहे तसंच टाईप करायला सांगितलं, ते कायद्यानं लागत होतं की नाही मला माहीत नाही, त्यांच्या मनात आलं. मग कागद बाईसमोर सरकवला आणि पहिल्यांदा नानांना मधे न घालता तिच्याशी बोलल्या. ‘अम्मा, इंगे कैयेळुत्तु पोडुंगळ.’ इथे सही करा. शुद्ध छापील तमिळ, आपल्याला कुणी समोरासमोर ‘कृपया येथे स्वाक्षरी करावी’ म्हणावं तसं. बोलताना असं कुणी बोलत नाही, बातम्यांत बोलतात. मुलीला हसू आलं, तिनं तोंड फिरवून पावसाकडे बघितलं. बाई हसली नाही. तिनं मान खाली घालून सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण करत, आणि मग पेन परत देताना म्हणाली, ‘सरि, मिस.’ का ‘हरि, मिस’? मी नानांना विचारलं, त्यांनाही आठवेना.

मिस गेल्या, त्यांच्या कॉप्या राहिल्याच, पोरगा मागे पळत जाऊन देऊन आला.

पुढचं असं की जेपीचा शिक्का त्याच आठवड्यात मिळाला आणि ग्राम निलधारीचा दाखलाही. तीनेक आठवड्यांनी बाई दुकानात आली होती म्हणे, फाईल पुढे गेलीय सांगायला. पैसे हातात पडले का ते मी निघेपर्यंत कळलं नाही, नाना म्हणायचे की हातात पडले असते तर बटर केक घेऊन आली असती. मिस मात्र त्यानंतर दोनदा मला दुकानात दिसल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी नानांशी एक तरी वाक्य तमिळमधे बोलून बघितलं. नानांनी दोन्ही वेळा उत्तर सिंहलमधे दिलं, सवयीनं. मी त्यांना म्हटलं की अहो नाना, ती बाई प्रयत्न करतेय आणि तुम्हीच तिला परत पाठवताय. नाना कपाळाला हात लावून म्हणाले, ‘आयो, दॅट इज ट्रू, नो?’

एक राहिलं. त्या दिवशी निघताना बाईनं पिशवीतून पैसे काढले आणि नानांना विचारलं, ‘कीयद?’ किती झाले, सिंहलमधे. ज्या माणसाशी ती इतका वेळ तमिळ बोलत होती त्याला. नाना क्षणभर थांबले, मग म्हणाले, ‘अरुबदु.’ साठ, तमिळमधे. बाईला आपण काय केलं ते कळलं आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसली, मुलगीही हसली. मग तिनं दहाची नाणी काउंटरवर एकेक करून मांडली, ओठ हलत होते, पण पावसात कुठल्या भाषेत मोजत होती ते मला ऐकू आलं नाही.